खडीखालची शिवण

टेलर मास्तरांच्या मते जगातले निम्मे घोटाळे चुकीच्या मापामुळे होतात आणि उरलेले निम्मे मास्तरांना न विचारल्यामुळे. म्हणून घरामागच्या हिरवळीवर खडीच्या वाटा करायचं मनात आल्यावर त्यांनीही दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. आठवडाभर दुकानात मान मोडायची आणि हक्काच्या रविवारी आरामखुर्ची सोडून गवत कापायचं यंत्र ढकलत फिरायचं, हे त्यांना अगदी नकोसं झालं होतं.

बायकोला मात्र हिरवळ फार आवडायची. यंत्र तिला ढकलावं लागत नसल्यामुळे जरा जास्तच आवडायची.

"आधी अर्ध्या भागात करून बघा," ती म्हणाली. "दोन महिने वाटेवर गवताची काडी दिसली नाही, तर उरलेली हिरवळही तुमची. दिसली, तर दर रविवारी हिरवळही कापायची आणि वाटही खुरपायची. कुरकुर न करता."

"काडी? अगं, काडीची सावलीसुद्धा दिसणार नाही," मास्तर म्हणाले.

मेहुण्याची रोपवाटिका होती. त्याने न विचारता सल्ला दिला. "भाऊजी, आधी गवत मुळासकट उकरून काढा. मग गवत दाबायचं ते काळं कापड अंथरा. पट्ट्या वीतभर एकमेकींवर चढवा आणि वर खडी टाका."

"कापडातलं तू मला शिकवणार?" मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "वीतभर चढवायचं म्हणजे कापडाची नासाडी. आणि उकरायचं कशाला? अंधारात कोंडलं की गवत आपोआप मरतं."

मेहुणा चहा संपवून उठला. बहिणीच्या संसारात किती बोलायचं, हे त्याला बरोबर कळत होतं.

मास्तरांनी वाटेचं माप घेतलं. लांबी घेतली, रुंदी घेतली, नळापाशी वाट वळते तिथला घेरही घेतला. एका गिऱ्हाइकाचा कोट एका बाहीवर अडकून पडला, पण मास्तरांनी काळ्या कापडाचे तुकडे बेतले, वळणावर कापड दुमडून टक्स घातले आणि सगळी वाट मशीनवर शिवून काढली. साध्या नव्हे, डबल टिपेनं. ते आवरण जिवंत गवतावर असं चपखल बसलं की बघत राहावं. कुठे चुणी नाही, कुठे झोळ नाही. वर खडी पडली आणि मास्तर आरामखुर्चीत पडले.

निम्मीच हिरवळ कापायची उरल्यानं दोन रविवार सुखात गेले. तिसऱ्या आठवड्यात सकाळी दात घासत मास्तर मागच्या दारात आले आणि ब्रश तोंडातच राहिला.

गवत उगवलं होतं. पण वाटेल तिथे नाही. सरळ ओळीत, सारख्या अंतरावर, शेजारी शेजारी दोन रांगांत. नळापाशी तर ते टक्सबरहुकूम वळलंही होतं. मास्तरांनी आपली टीप ओळखली. खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांना अभिमानच वाटला. मग डोक्यात प्रकाश पडला. खालची हरळी मेली नव्हती, दबा धरून बसली होती. सुईच्या टोकासारखे तिचे कोंब, आणि मास्तरांनी त्यांना सुईनंच वाट करून दिली होती. प्रत्येक टाक्याला एक भोक. डबल टीप, म्हणून दुप्पट भोकं.

बायको अजून उठली नव्हती. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि उपटायला लागले.

दुसऱ्या दिवशी गवत पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी आणखी तरतरीत. मग रोज पहाटे उठण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. "डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय," असं त्यांनी घरात जाहीर केलं आणि सगळं फिरणं त्या वाटेवर रांगत पार पडू लागलं. खडी वाजू नये म्हणून ते गुडघासुद्धा अलगद टेकवायचे. स्वतःच्याच घरात चोरासारखं वागताना त्यांना भयंकर राग यायचा. राग हरळीवर, मेहुण्यावर, शिलाई मशीन शोधून काढणाऱ्यावर, फक्त स्वतःवर नाही. पूर्वी आठवड्याचा एक तास जायचा. आता रोजचा जात होता, आणि रविवार त्याला अपवाद नव्हता.

"यांना आताशा पहाटे फिरायचं फार वेड लागलंय," बायको शेजारणींना कौतुकानं सांगायची.

दोन महिने भरले तेव्हा मेहुणा पंच म्हणून आला. वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून तपासली. एक काडी नाही.

"भाऊजी, मानलं तुम्हाला. न उकरता, न चढवता?"

"हुनर लागतो," मास्तर म्हणाले आणि दुखऱ्या कमरेवरचा हात झटकन काढला.

"जिंकलात हो," बायको म्हणाली. "उरलेली हिरवळही तुमची. उद्याच कापड बेतायला घ्या."

मास्तरांनी घाईघाईनं हिरवळीकडे बोट दाखवलं. "असू दे की थोडी. डोळ्यांना गारवा असतो."

"छे, शब्द म्हणजे शब्द."

"अगं, पण तुला आवडते ना हिरवळ?"

"तुमच्या सुखापुढे माझं काय एवढं," ती म्हणाली आणि आतून एक घडी आणून तिने मास्तरांच्या हातात ठेवली. त्यांचे दोन पायजमे होते. चारही गुडघ्यांवर जाड ठिगळं होती.

"आता वाट दुप्पट होणार," ती म्हणाली, "म्हणून डबल टीप मारलीय."