ज्या घरात मिस्त्री येत नाही

रविवारी सकाळी नऊ वाजता इमारतीचे अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पंप गेला."

घरातलं माणूस गेल्यासारखाच त्यांचा आवाज होता. वहिनी शिलाई मशीनवरून उठल्या. त्यांचे यजमान, एका सरकारी कार्यालयातले हेडक्लार्क, अर्धी दाढी झालेली तशीच ठेवून बाहेर आले.

"गेला म्हणजे नेमकं काय झालं?"

"बटण दाबलं की नुसता गुरगुरतो. पाणी चढवत नाही. गच्चीवरच्या टाकीत संध्याकाळपर्यंतचं पाणी आहे. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो नुसता बघायलाच एवढे पैसे मागतो, की ऐकून मीच गुरगुरायला लागलो. म्हटलं, काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? तुम्ही आहात ना!"

हेडक्लार्कांची ख्यातीच तशी होती. काटकसरीच्या बाबतीत त्यांचा शब्द सोळाच्या सोळा घरांत शेवटचा मानला जाई. साबणाच्या चिपट्या एकत्र दाबून ते नवी वडी करत. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरल्याशिवाय संपली असं मानत नसत. कपडे धुतलेल्या पाण्याने फरशी पुसली जाई आणि फरशी पुसलेल्या पाण्याने जिना. शर्टाची कॉलर झिजली की वहिनी ती उसवून उलटी लावत, उलटी झिजली की शर्टाची पिशवी होई आणि पिशवी झिजली की तिचं पुसणं होई. पुसण्याच्या पुढे काय होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या घरातलं एकही पुसणं अजून संपलेलं नव्हतं.

पण खरी ख्याती वेगळीच होती. सात वर्षांत त्या घरात एकही मिस्त्री आलेला नव्हता. नळ, मिक्सर, इस्त्री, पंखा, दाराची कडी, जे बिघडेल ते हेडक्लार्क स्वतः उघडत आणि काही दिवसांत ते चालू होई. इमारतीच्या सभेत अध्यक्ष त्यांचं उदाहरण देत आणि सभेला आलेल्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघत.

ही ख्याती खरी नव्हती आणि हे वहिनींना पक्कं माहीत होतं. हेडक्लार्क वस्तू उघडत आणि बंद करत, एवढंच. यांनी जोडलेलं टिकणार नाही असं धरून, ते कार्यालयात गेले की अकराच्या सुमाराला वहिनी बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात फोन लावत. तिथला मिस्त्री पंधरा मिनिटांत येई, वस्तू तपासून देई आणि शिलाईच्या पैशांतून वहिनी त्याचे पैसे चुकते करत. "घरात कळू देऊ नका हं," असं दरवेळी बजावत.

यामागे कारण होतं. लग्न झालं त्या वर्षी हेडक्लार्कांनी बंद पडलेला पंखा दुरुस्त केला होता आणि तो खरोखर फिरला होता. वहिनींनी टाळ्या वाजवल्या होत्या. आठवड्याने पंखा पुन्हा बंद पडला, मिस्त्री आला, आणि यांच्यादेखत म्हणाला, "याला हात कुणा शहाण्याने लावला?" हेडक्लार्क चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपले. गळका नळ वहिनींना चालला असता. ते तोंड त्यांना पुन्हा बघवणार नव्हतं.

आणि आता हा पंप. मिक्सर बिघडला तर घरातल्या घरात राहतं. पंप बिघडला तर सोळा घरं, बादल्यांसकट, साक्षीला.

"अहो, पंप म्हणजे मोठं काम," वहिनी म्हणाल्या. "कंपनीचा माणूस बोलवा की. वर्गणी काढतील सगळे."

"वर्गणी?" हेडक्लार्क म्हणाले. हा शब्द त्यांना लागला. "मी असताना?"

ते दाढीची दुसरी बाजू तशीच ठेवून खाली गेले.

तळमजल्यावरच्या पंपाच्या खोलीत त्यांनी जुनी वर्तमानपत्रं अंथरली आणि पंप उघडायला घेतला. बारा वाजेपर्यंत पंपाचे एकतीस भाग निघाले. प्रत्येक भाग कागदावर ठेवून त्यांनी शेजारी पेन्सिलीने आकडा लिहिला होता. दारात अध्यक्ष, त्यांच्या मागे पहिला मजला आणि जिन्यात बाकीचे मजले उभे होते.

"काय दोष दिसतोय?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोष अजून समोर यायचाय," हेडक्लार्क म्हणाले. कार्यालयात सापडत नसलेल्या फाइलीबद्दल ते हेच सांगत.

"घाई नको. पण माझ्या घरी सोमवारी सासुरवाडीची माणसं येतायत, सहा जणं. आंघोळीला पाणी..."

"होईल."

हे "होईल" वहिनींनी ऐकलं. आवाज अगदी पंख्याच्या वेळचा होता. त्या जिन्यातूनच मागे फिरल्या आणि घरात येऊन फोन लावला.

"मिस्त्री, आज यावं लागेल."

"ताई, आज रविवार. साहेब घरी असतील ना?"

"घरी नाहीत, पंपाच्या खोलीत आहेत. तेच तर झालंय! इमारतीचा पंप उघडलाय त्यांनी. मी त्यांना जेवायला वर बोलावते आणि झोपवते. बरोबर दीड वाजता या आणि तासाभरात जोडून द्या."

पलीकडे मिस्त्रीने घसा खाकरला. मग म्हणाला, "दीडलाच का, ताई?"

"का? दुसरीकडे जायचंय?"

"नाही, नाही. दीडलाच येणार होतो... म्हणजे येतो."

वहिनी गडबडीत होत्या, त्यांनी फोन ठेवला. खिडकीत जाऊन त्यांनी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा आवाज दिला. "अहो, जेवून घ्या! दुपारी जरा पाठ टेका, मग पुन्हा बसा. रिकाम्या पोटी दोष सापडत नाही!"

हेडक्लार्क लगेच आले, याचं वहिनींना आश्चर्य वाटलं. अध्यक्षही जेवायला गेले आणि जाताना जिन्यातून सगळ्यांना पिटाळून गेले. पंपाच्या खोलीला कुलूप लागलं. एक किल्ली हेडक्लार्कांच्या खिशात होती आणि दुसरी वॉचमनकडे.

"तूही पड जरा," जेवताना हेडक्लार्क म्हणाले. "सकाळपासून मशीनवर आहेस. चांगली दोन तास झोप काढ."

"मी? नाही, तुम्ही पडा."

"मी पडणारच आहे. पण तू आधी पड."

"तुम्ही दमलाय. आधी तुम्ही."

असा आग्रह त्या घरात याआधी कधीच झाला नव्हता. शेवटी दोघंही पडले, एक आतल्या खोलीत आणि एक बाहेरच्या, आणि दोघांनीही डोळे मिटून घेतले. एक पंचवीसला वहिनी दबक्या पावलांनी उठल्या. बाहेरची खोली रिकामी होती. हेडक्लार्क उशीवर नव्हते, चपलाही दारात नव्हत्या.

वहिनी धावतच खाली उतरल्या. माणूस झोपेतून उठून पुन्हा पंपाशी गेला असणार आणि तेवढ्यात मिस्त्री दारात उभा राहणार! पुढचं चित्र त्यांना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दिसत होतं. पंपाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकललं.

आत मिस्त्री उकिडवा बसून एकोणीस नंबरचा भाग बसवत होता. हेडक्लार्क त्याच्या शेजारी टॉर्च धरून बसले होते. टॉर्च ते अगदी सराईतपणे धरून होते, मिस्त्रीचा हात जिकडे जाई तिकडे उजेड आधीच पोचत होता.

वहिनींना बघताच हेडक्लार्क उभे राहिले.

"हे... आमच्या कार्यालयातले," ते म्हणाले. "इकडून चालले होते. म्हटलं, थांबा जरा."

"नमस्कार," वहिनी म्हणाल्या.

"नमस्कार, वहिनी," सात वर्षं त्यांना ताई म्हणणारा मिस्त्री म्हणाला. तो पंपाच्या आणखी आत वाकला. तिथे करण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात मागून वॉचमन आला. त्याच्या हातात पंपाच्या खोलीची दुसरी किल्ली होती. "वहिनी, तुम्ही मागितलेली ही... अरे वा, तुमचे भाऊ आत आलेसुद्धा!"

"भाऊ?" हेडक्लार्क म्हणाले. त्यांच्या बायकोला तीन बहिणीच होत्या.

"वहिनींनीच सांगितलंय, माझे भाऊ आहेत म्हणून," वॉचमन कौतुकाने म्हणाला. "महिन्यातून एकदा सकाळी अकराला बहिणीकडे असतातच. आणि साहेब, खरं सांगू? दुसऱ्या शनिवारी वहिनी शिवलेले कपडे पोचवायला जातात ना, तेव्हा हे खास तुम्हाला भेटायला येतात. बहीण घरी नसताना मेव्हण्याला भेटायला येणारा भाऊ मी तरी पाहिला नाही."

वॉचमन किल्ली देऊन निघून गेला. दुसऱ्या शनिवारी हेडक्लार्कांना सुट्टी असे. वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने बायकोकडे, आणि मग दोघांनी मिळून मिस्त्रीकडे.

"मला दोघांनीही शपथ घातली होती," मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला. "साहेब मिक्सर पिशवीतून दुकानात आणायचे, नळ बिघडला की शनिवारी घरी बोलवायचे. दुरुस्ती तेव्हाच व्हायची, पैसेही तेच द्यायचे. मग ताईंचा फोन यायचा."

"दुरुस्त झालेल्या नळाला तुम्ही काय करत होतात?" वहिनींनी विचारलं.

"पुसायचो. आणि ताई, तुमच्याकडून मी दुरुस्तीचे कधीच घेतले नाहीत. फक्त तपासणीचे घेतले."

हेडक्लार्क उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. टॉर्च अजून चालूच होती, आणि ती बंद करायचं त्यांना सुचलं नाही. यावरून वहिनींना प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

"तू पंख्याच्या वेळी टाळ्या वाजवल्या होत्यास," ते म्हणाले. "या पगारात तुला दुसरं काय देणार होतो मी? म्हटलं, एवढं एक तरी टिकवावं."

वहिनींचे डोळे भरून आले. त्यांना राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण मिस्त्रीचा. "आणि मी म्हटलं, तुमचं तोंड पुन्हा भिंतीकडे नको," त्या म्हणाल्या.

"साहेब, तेवढा उजेड इकडे धरता का?" मिस्त्री हळूच म्हणाला. "आणि रागावणार नसाल तर एक सांगतो. पंपाला काही झालंच नव्हतं. त्याला सुरुवातीचा झटका देणारा, भिंतीवरच्या पेटीतला कपॅसिटर गेला होता, तो मी बदललाय. पंप उघडायचं कारणच नव्हतं."

अडीच वाजता पंप सुरू झाला. एक बोल्ट उरला, तो हेडक्लार्कांनी खिशात घातला. गच्चीवर पाणी पडल्याचा आवाज आला तशी दारं उघडली, आणि अध्यक्ष हात पुसत धावत आले. त्यांनी हेडक्लार्कांचे दोन्ही हात हातात घेतले.

"एकट्याने! एका दिवसात!"

"एकट्याने नाही," हेडक्लार्क म्हणाले. खरं बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, चेहराही तसा केला होता. पण वहिनींनी मागून त्यांच्या शर्टाचं टोक ओढलं. "घरच्यांची मदत झाली," त्यांनी वाक्य पुरं केलं. "हे आमचे मेव्हणे."

मेव्हण्यांनी नमस्कार केला आणि पिशवी उचलून ते सटकले.

घरी आल्यावर वहिनींनीच विषय काढला.

"इस्त्रीसुद्धा?"

"इस्त्रीसुद्धा. कडीसुद्धा."

"कडीचे मी पण दिले होते."

हेडक्लार्क उठले, त्यांनी आतल्या खोलीतला दिवा बंद केला आणि परत येऊन बसले. "म्हणजे अख्ख्या इमारतीत दुरुस्तीवर सगळ्यात जास्त आपण घालवले. काटकसर करायचीच असेल तर यापुढे एकानेच बोलवायचं."

"मी बोलवीन."

"माझी ओळख जुनी आहे."

"पण बहीण मी आहे," वहिनी म्हणाल्या, आणि तिथे हेडक्लार्कांचं काही चाललं नाही.

पुढच्या रविवारी मोरीतला नळ गळायला लागला. दहा वाजता मेव्हणे समोरच्या जिन्याने, उघड उघड आले. ते नळ बदलत होते तेव्हा वहिनींनी हातोडी आणि लोखंडी पाइपचा एक तुकडा आणून नवऱ्यापुढे ठेवला.

"हे कशाला?"

"ठोका. खाली आवाज गेला पाहिजे."

हेडक्लार्क ठोकत बसले. खालच्या मजल्यावर अध्यक्षांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि वर बोट दाखवलं. "ऐकतेस ना? पाहुणा घरी आलाय, तरी माणूस कामाला लागलाय."

अध्यक्षांच्या पत्नींनी ऐकलं, आणि आपल्या घरचा महिनाभर गळणारा नळ दाखवायला त्या त्यांना मोरीत घेऊन गेल्या.