गिरमाजीपंत ओलीस बसले त्याची हकीकत

॥ श्री ॥ आधी वंदन त्या सर्वसाक्षीस, जो सर्व पाहतो आणि काहीच बोलत नाही. मागून वंदन वाचणारांस, जे थोडे पाहतात आणि बोलल्यावाचून राहत नाहीत. शके सतराशे एक्याण्णव, शुक्लनाम संवत्सर, ते समयी समुद्रतीरी एक राज्य होते. त्याचे नाव लिहावयाचे प्रयोजन नाही. ज्यास कळावयाचे त्यास कळेलच. त्या राज्यी राजा नव्हता. दर पाच वर्षांनी रयतेने कौल द्यावा आणि एका पुरुषास राज्याध्यक्षाचे गादीवर बसवावे, त्याने पाच वर्षे कारभार करावा आणि मग मुकाट्याने उतरावे, ऐसा शिरस्ता. पक्ष दोन, एक डोंगरकर आणि एक खाडीकर. एकमेकांचे तोंड पाहत नसत, सोयरिकी मात्र आपसांत करीत. डोंगरकरांत चाल ऐसी की, गादीसाठी ज्याचे नाव ठरले त्याने भरसभेत विडा उचलावा, आणि विडा देणार जो वडील त्याने उजवा हात त्याचे खांद्यावर ठेवून म्हणावे, "याचे बरेवाईट आम्हांस पुसावे." मग नगारे वाजावे, पेढे वाटावे. उचलिला विडा ज्याचा त्यानेच खाली ठेवावा, दुसरियाने काढून घेऊ नये. घेतल्यास पक्ष मोडला ऐसे समजावे. ते साली विडा केरोजीराव घाटगे यांनी उचलिला आणि देणार वडील गिरमाजीपंत होते. पंतांचे वय सत्तरीचे पुढे, दात थोडे आणि बोलणे त्याहून थोडे. लग्नात मुंडावळ्या बांधितात तैसे ते वाक्य सभेत शोभेसाठी होते, कोणी कधी कोणास काही पुसले नव्हते. परंतु पंतांनी ते एकेक शब्द तोलून उच्चारिले, आणि लोक म्हणाले, वय झाले.

पुढे नगाऱ्यांचा आवाज विरतो न विरतो तोच न्यायाधीशांचे कचेरीतून हुकूम आला की, केरोजीरावांवर मनुष्यवधाचा आरोप ठेविला आहे. प्रकार ऐसा घडला की, मागील भाद्रपदी खाडीस उधाण होते आणि पैलतीरी रावांची सभा होती. सभेस माणसे न्यावयाची म्हणून नाव काठोकाठ भरिली. नावेचा तांडेल धाकोजी हात जोडून म्हणाला, "राव, पाणी बरां नाय. उतार लागूं द्या." रावांनी तलवारीस हात घातला आणि नाव सुटली आणि मधोमध जाऊन बुडाली. तांडेल गेला, माणसे गेली, आणि राव दुसरे नावेची वाट पाहत काठी उभे होते ते वाचले. धाकोजीची बायको बायजा इणे फिर्याद लाविली होती, तीस आता तोंड फुटले.

मग डोंगरकरांची मसलत बसली. कायद्याच्या पोथ्या उलगडल्या, तो कोठेही लिहिलेले नाही की आरोपी मनुष्याने गादीची उमेद धरू नये. एक म्हणाले, "आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. उद्या कोणीही उठेल आणि कोणावरही फिर्याद करील, मग गादी रिकामीच राहावी काय?" हे खोटे नव्हते. दुसरे म्हणाले, "बंदीखान्यातून राज्य कैसे चालेल? परदेशचे वकील आले तर त्यांस कोठडीत पाट मांडावा काय?" यावर काही हसले, परंतु हसू लांबले नाही. तिसरे म्हणाले, दुसरा उमेदवार द्यावा. परंतु विडा रावांचे हाती, आणि राव म्हणत, "आम्ही ठेवीत नाही." तेव्हा सर्वांनी पंतांकडे पाहिले.

पंत रावांचे घरी गेले. राव आरशासमोर पगडी बांधीत होते. पंतांनी पुसिले, "केरोजीराव, तुम्हांस पोराप्रमाणे वागविले. खरे सांगा. तांडेल नको म्हणाला होता काय?" रावांनी पगडीचा पेच फिरविला आणि बोलिले, "पंत, नाव सोडा इतकेच आम्ही म्हणालो. बुडविली ती खाडीने." पंतांस जे कळावयाचे ते कळले आणि अंतःकरणात फार वाईट वाटले. कौलास महिना उरला होता, आणि न्यायाधीशांनी आज्ञा केली की, निकाल होईतो आरोपीस अटकेत ठेवावे.

तेव्हा डोंगरकरांचे वकील चिंतोपंत यांनी शक्कल काढिली. त्यांनी कचेरीत अर्ज केला की, "आमचे पक्षी विडा देणार वडील भरसभेत बोलतो की, याचे बरेवाईट आम्हांस पुसावे. हे बोलणे जामिनाचे आहे. सबब केरोजीरावांस प्रचारास मोकळे सोडावे आणि गिरमाजीपंतांस त्यांचे ठायी ओलीस ठेवून घ्यावे." आणि पंतांचे कानी लागून म्हणाले, "महिन्याचा प्रश्न. कौल लागला की राव येतील आणि तुम्ही घरी जाल." पक्षातील सर्वांस ही युक्ती फार आवडली. शोभेचे वाक्य आपण कायद्यात गुंतवीत आहो, हे शहाण्यांचे ध्यानी आले नाही. न्यायाधीशांनी पंतांस पुसिले, "हे वाक्य आपण बोलिला काय?" पंत म्हणाले, "बोलिलो." "मनापासून?" पंत म्हणाले, "दुसरे कैसे बोलावे हे आम्हांस ठाऊक नाही." मग पंत कोठडीत बसले आणि राव घोड्यावर बसले.

महिनाभर रावांनी गावोगाव सभा केल्या, आणि प्रत्येक सभेत डोळे पुसून सांगत की, आमचे वडील तुमच्यासाठी तुरुंगात आहेत. रयत हळहळली आणि कौल रावांचे पारड्यात पडला. राव गादीवर बसले. पंतांनी त्या दिवशी शिपायाकडून वस्तरा मागून दाढी केली आणि धोतर झटकून नेसले, की आता राव येतील. राव आले नाहीत. राज्याध्यक्षांचा हुकूम आला: गादीवरील पुरुषावर खटला चालत नाही, सबब खटला मिटला, पंतांस सोडावे. चिंतोपंत स्वतः पालखी घेऊन आले. पंत म्हणाले, "आम्ही न्यायाधीशांचे ओलीस, राज्याध्यक्षांचे नव्हे. ज्याचे ठायी बसलो तो आल्यावाचून उठणे नाही." चिंतोपंतांनी पाय धरिले, मग रागे भरले, मग पालखी रिकामी घेऊन गेले. शहरभर लोक म्हणाले, म्हातारा हट्टी.

मग न्यायाधीशांवर संकट पडले. त्यांनी विचार केला की, गादीवरील पुरुषावर खटला चालेना हे खरे, परंतु त्याचे बरेवाईट ज्याने आपल्यावर घेतले त्याजवर चालतो, आणि ऐसा अर्ज डोंगरकरांनीच दिला आहे. मग साक्षी जाहल्या. बुडाल्या नावेतून पोहून वाचलेले दोघे बोलिले, काठावरचे कोळी बोलिले, आणि गुन्हा शाबीत जाहला. शिक्षा सांगण्याचे दिवशी कचेरीत मुंगीस वाट नव्हती. शिपायाने पुकारा केला, "केरोजीराव घाटगे!" सर्वांनी दाराकडे पाहिले. पंतांनीही पाहिले, आणि त्यांचे तोंडावर आशा होती हे ज्यांनी पाहिले ते अजून सांगतात. दुसरा पुकारा जाहला, मग तिसरा. दारात कोणी आले नाही. तेव्हा पंत काठी टेकून उठले आणि स्पष्ट म्हणाले, "हाजीर आहे."

बायजा कोपऱ्यात बसली होती ती धावत पुढे आली. "सायबांनू, ह्या म्हाताऱ्यान माज्या धन्याक मारल्यान नाय! माका तो व्हयो, जो वर बसलोसा. ह्येंका सोडा." आणि पंतांस म्हणाली, "तुमी घराक जावा. माजो तुमच्यावर राग नाय." पंतांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "बाई, तुझा राग नाही हे तुझे मोठेपण. परंतु आम्ही घरी गेलो तर या दप्तरी राहील की तुझ्या धन्यास कोणी मारिलेच नाही. ते आमच्याने पाहवणार नाही." बायजा मटकन खाली बसली आणि रडू लागली. न्यायाधीशांनी शिक्षा सांगितली, सात वर्षे बंदी, आणि सांगताना मान वर केली नाही. बायजा त्या दिवसापासून कोठडीच्या दारी भाकर आणि कालवण आणू लागली, आणि पंत ब्राह्मण असून ते जेवीत, याचाही लोकांनी पुष्कळ बोभाटा केला.

केरोजीरावांनी पाच वर्षे राज्य केले. पूल बांधिले, धरणे बांधिली, आणि कचेरीवरून जाणारा रस्ता चांगला असता दुसऱ्या रस्त्याने जात राहिले. पंत चौथे वर्षी कोठडीत वारले. खांदा द्यावयास डोंगरकर कोणी धजले नाही, कोळीवाड्यातील माणसे आली. राज्य एकाने केले, शिक्षा दुसरियाने भोगिली, आणि उत्तर मागणारीस उत्तर मिळाले ते ज्याचे देणे नव्हते त्याजकडून. ऐसे वर्तले, जैसे ऐकिले तैसे लिहिले. इति.