सुटणार नाही अशी बॅटरी

‘सूनबाई, अशी बांध की गरज पडली तर सोडवता येईल,’ असं माझे सासरे मला म्हणाले होते. मी म्हटलं, ‘बाबा, सोडवता येईल ती सुटेलही. तुम्ही निवांत बसा.’

ते निवांत बसले. तिथेच घोळ झाला.

एक सांगते, बांधाबांध या विषयात मला कोणी शिकवायला येऊ नये. माझी लेक बबडी रांगायला लागली तेव्हा मी घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला स्पंज बांधला, कपाटांना नाड्या बांधल्या, गॅसच्या बटणांना टोप्या घातल्या. नवरा म्हणाला, ‘आता छतालाही दोरी बांध, पडलं तर?’ मी छताकडे बघून घेतलं. बबडी आता धावते, बोलते, सगळ्या नाड्या सोडते. साखरेचा डबा उघडायचा असला की आम्हीच तिला हाक मारतो.

तर नवरा. तो बेकरीत भट्टीवर आहे. उजाडल्यावर लोकांना पाव लागतो, म्हणून याला उजाडायच्या आत सायकल काढावी लागते. वाट कालव्याच्या काठाने. कठडा नाही, रस्त्यावरचे दिवे नावापुरते, आणि त्यात यंदा कुणीतरी पाइप टाकायला चर खणून ठेवलेला. चर खणणारे गेले, चर राहिला. नवरा दाराबाहेर पडला की मी अंथरुणात बसून त्याच्या मनातल्या मनात चरात पडण्याचा आवाज ऐकायची. म्हणजे माझ्या मनात. तो बिचारा मजेत शीळ घालत जायचा.

सायकलच्या दुकानातून प्लास्टिकचा दिवा आणला. पहिल्याच गतिरोधकावर त्याची पट्टी तुटली. मग नवऱ्याने मोबाईल हँडलला लावून बघितला. मोबाईल कालव्यात आहे. अधूनमधून मी त्या नंबरवर फोन करते, सवयीने.

शेवटी मी बाबांच्या बॅटरीवर नजर टाकली.

बाबा आयुष्यभर एका थिएटरात कामाला होते. खेळ सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना अंधारात खुर्ची दाखवायचे. थिएटर बंद पडलं तेव्हा मालकाने सगळ्यांना काही ना काही दिलं, बाबांनी त्यांची बॅटरी मागून घेतली. लांबलचक, स्टीलची, लाटण्याएवढी जाड. रात्रंदिवस त्यांच्या उशाशी. मला वाटायचं, आठवण म्हणून असेल. काही लोक जुनं घड्याळ ठेवतात तसं.

‘बाबा, बॅटरी देता का? सायकलला लावायची आहे.’

ते जरा वेळ बॅटरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘घे. पोराला रस्ता दिसायला हवा. माझं काय अडतंय?’ आणि मग ते सोडवता येण्याचं म्हणाले.

मी कामाला लागले. आधी जुन्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळली. पहिल्या खड्ड्यात बॅटरीने मान टाकली आणि नवरा बेकरीपर्यंत स्वतःच्या पुढच्या चाकाचं निरीक्षण करत गेला. मग माझे केसांचे रबर लावले. ते पुरले, पण बॅटरी आडवी फिरली. कालव्याकाठच्या घरांच्या खिडक्यांमधून तिने एकेक करत उजेड टाकला. एका माणसाने खिडकी उघडून विचारलं, ‘काय हो, रोज काय बघता आमच्या घरात?’

‘पाव लागेल का, ते,’ नवरा म्हणाला. तेव्हापासून त्या घराशी आमचं बोलणं नाही, आणि त्याआधीही नव्हतं.

मग मात्र मी नळ दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि पाइपाला आवळतात त्या स्टीलच्या पट्ट्या घेऊन आले. स्क्रू पिळून पट्ट्या अशा आवळल्या की माझे दात दुखले. त्यावर पाइपाच्या गळतीला लावतात तो मसाला, दोन गोळ्या एकत्र मळून, थापला. बटण मोकळं, सेल बदलायचं मागचं झाकण मोकळं. शिकलेली बाई आहे मी! मसाला वाळल्यावर बॅटरीला धरून सायकल उचलून बघितली. सायकल उचलली गेली.

‘बघा बाबा,’ मी म्हटलं, ‘आता हिला कोणी हलवू शकणार नाही.’

‘खरं आहे,’ बाबा म्हणाले. त्यांनी बॅटरीवरून हात फिरवला, स्क्रू शोधला. स्क्रू मसाल्याखाली गेला होता. ‘पक्कं झालंय,’ म्हणाले, आणि भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले.

पहाटे नवऱ्यापुढे उजेडाचा पट्टा पडला, सरळ, चराच्याही पलीकडे. मी परत अंथरुणात पडले आणि कितीतरी महिन्यांनी झोपले.

एवढं सुख मला मानवत नाही.

झालं असं की सायकल आम्ही आत, बोळात ठेवतो. बोळ पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जातो. मागे पायऱ्यांशेजारून उतार, मग अंगण, आणि अंगणापलीकडे संडास. एके दिवशी सकाळी केर काढताना बोळात मातीचे पट्टे दिसले. चाकाचे. मी पुसले. दुसऱ्या दिवशी परत. नवरा दुपारी घरी आला की चाकं कोरडी असायची, आणि पहाटे तो निघताना चाकांना अंगणातली माती. त्यातून बॅटरीचे सेल भराभर संपायला लागले. एकदा तर दिवेलागणीला मी पोळ्या लाटत असताना मागच्या अंगणात सायकलची घंटी ऐकली. हात पुसून जाईपर्यंत सायकल जागेवर, हँडल मात्र उलट्या बाजूला.

मी नवऱ्याला हलवलं. पहाटे उठायचं म्हणून तो दिवस मावळताच झोपतो.

‘तू संध्याकाळी सायकल घेऊन कुठे जातोस?’

‘स्वप्नात,’ तो म्हणाला आणि कूस बदलली.

म्हणजे चोर. म्हणजे अंगणातून येणारा. म्हणजे ज्यांचं आणि आमचं अंगण एक आहे, त्या शिंपीणकाकू. मी त्यांच्याकडे ब्लाउजचं माप द्यायच्या निमित्ताने गेले.

‘काकू, तुमच्याकडे कोणी सायकल शिकतंय का?’

काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून उशीला टोचत म्हणाल्या, ‘माझे गुडघे बघितलेस का?’

‘तुम्ही असं नाही म्हणत मी.’

‘मग माझं मशीन शिकतंय? सरळ बोल ना. चोर म्हणतेस मला?’

‘सहज विचारलं, काकू.’

‘सहज विचारणारी माणसं मापाचं ब्लाउज घरी विसरत नाहीत.’

मी घरी आले आणि साखळी काढली. कधीकाळी पाळण्याला असलेली, जाड कड्यांची. सायकल खिडकीच्या गजांना बांधली, कुलूप घातलं, किल्ली ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली. बाबा खुर्चीत बसून बघत होते.

‘कुलूप कशाला गं?’

‘कोणीतरी संध्याकाळी सायकल नेतंय, बाबा. अंगणात फिरवून परत आणून ठेवतंय. मी त्याला पकडणार आहे.’

‘परत आणून ठेवतो ना?’

‘आज ठेवतो. उद्या नाही ठेवली तर? यांनी त्या कालव्यावरून कसं जायचं?’

‘तेही खरंच,’ बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ‘रात्री किल्ली काढतेस का ओढणीतून?’

‘छे! झोपतानाही नाही.’

त्यांनी मान हलवली. कौतुकाने, असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी दिवे गेले. थंडीचे दिवस, अंधार लवकर दाटलेला. मी बबडीला वरणभात भरवत होते. माझा मोबाईल चार्जिंगला लावलेला, म्हणजे मेलेला. तेवढ्यात बोळात साखळी खळखळली. हळूच. परत एकदा. कोणीतरी कुलूप चाचपत होतं.

मी लाटणं उचललं. दाराआडून श्वास रोखून ऐकत राहिले, कारण चोराला नीट गुंतू द्यायचं होतं. साखळी थांबली. मागच्या दाराची कडी निघाली. मग काहीच नाही. मग अंगणात धप्प असा आवाज, पिठाची गोणी टाकल्यासारखा.

‘चोर! चोर पडला!’ मी ओरडले.

नवरा उठला आणि बोळात येऊन सायकलवर आदळला. पलीकडून शिंपीणकाकूंचा आवाज आला, ‘मी माझ्या घरात आहे गं, लिहून ठेव!’ मी चाचपडत बॅटरीचं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला, समोरच्या भिंतीवर. सायकल साखळीने बांधलेली, बॅटरी सायकलला बांधलेली, उजेड भिंतीला बांधलेला. मी भिंतीचा पोपडा आणि त्यावरची मुंगीसुद्धा बघू शकत होते. अंगणातलं काही दिसत नव्हतं.

काकू एका हातात कंदील आणि एका हातात कात्री घेऊन आल्या. त्या उजेडात आम्ही पायऱ्यांच्या खाली बघितलं.

बाबा बसले होते. भुवईतून रक्त येत होतं. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. पायजमा भिजला होता.

‘काही नाही, काही नाही,’ ते म्हणाले. ‘बादली सांडली.’

मी हातातल्या लाटण्याचं काय करावं ते न कळून ते पाठीमागे धरलं. बबडी माझ्या मागून पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘आजोबा, आज सायकल का नाही आणली? मी घंटी कशी वाजवू?’

काकूंनी विचारलं, ‘सायकल कशाला गं राणी?’

‘आजोबा सायकलला घेऊन शूला जातात. तिच्या डोळ्यात दिवा आहे.’

‘मला का नाही सांगितलंस?’ मी म्हटलं.

‘आजोबा म्हणाले, आईला सांगू नको. ती आपल्यालापण बांधून ठेवेल.’

नवरा हसला. हसता हसता त्याने वडिलांना उचललं आणि त्याचं हसणं कुठेतरी मध्येच थांबलं. काकूंनी कात्री पदरात लपवली आणि कंदील पुढे धरला.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून आणल्यावर मी बाबांच्या पायाशी बसले.

‘कधीपासून अंधारात दिसत नाही, बाबा?’

‘थिएटर चालू होतं तेव्हापासूनच. शेवटी शेवटी मी लोकांना खुर्ची दाखवत नव्हतो गं. बॅटरी माझ्या हातात, पण लोक पुढे आणि मी त्यांच्या पाठीमागे. त्यांना वाटायचं, केवढा अदबीचा माणूस आहे.’

‘मग बॅटरी दिलीत कशाला?’

‘चर त्याच्या वाटेत होता ना.’

बॅटरी सायकलवरून सोडवायचा आम्ही प्रयत्न केला. मसाला दगड झालाय. नवऱ्याने करवत लावली तेव्हा हँडल कापलं जाऊ लागलं, म्हणून सोडून दिलं. अंगणात मी कंदील टांगलाय, आणि बाबांसाठी नवी बॅटरी आणली आहे, हलकी, प्लास्टिकची. ती हातातून पडू नये म्हणून मी तिला नाडी लावून त्यांच्या गळ्यात घातली. त्यांनी आधी डाव्या हाताने नाडी ओढून बघितली, गाठ सुटते का ते. सुटते म्हटल्यावर राहू दिली.

तुमच्या घरीही असेल कोणी असं, उशाशी बॅटरी ठेवणारं. आज दिवेलागणीला सहज त्यांच्या खोलीशी जाऊन उभ्या राहा. उठताना आधी भिंत शोधतात का, एवढंच बघा. विचारू नका, काही नाही म्हणतील. आणि बादली सांडली म्हणाले, तर जाऊन बादली बघून या. आमची त्या दिवशी कोरडी होती.