सिंगापूरची तालीम

कापडे गावात परदेश पाहून आलेला माणूस एकच होता, तो म्हणजे रावजी. एकवीस वर्षांपूर्वी तो अकरा महिने दुबईला राहिला होता आणि ते अकरा महिने त्याने आजवर पुरवून पुरवून वापरले होते. गावातलं कुणी आखातात निघालं की आधी रावजीच्या ओटीवर यायचं, चहा व्हायचा, आणि रावजी मांडीवर थाप मारून सल्ले द्यायचा.

त्यामुळे शेजारच्या सदूने पेढ्यांचा पुडा पुढे करून "दादा, आमी सिंगापूरला चाललो" असं म्हटलं, तेव्हा पेढा रावजीच्या घशातच अडकला.

"कामाला?" त्याने मोठ्या आशेने विचारलं.

"नाय ओ, फिरायला. पाच दिस. पोरगा रितेश नेतोय, मला न् आवडीला. सूनबाय पन येनार व्हती, पन पूजाला हापिसातून सुट्टीच नाय. तिची जागा रिकामी हाय. म्हैनाअखेर तिकटं काढायची."

फिरायला! हा शब्द रावजीला मिरचीसारखा झोंबला. तो स्वतः दुबईला गेला होता गिलाव्याच्या कामावर. आणि हा सदू, आंबेनळी घाटाच्या तिसऱ्या वळणाला ज्याची मान यष्टीच्या खिडकीबाहेर जाते, तो बायकोला शेजारी घेऊन विमानात बसणार! रावजी जळला. अगदी मनापासून जळला.

तरी सुरुवातीला त्याने सल्ले बरे दिले. पासपोर्ट अंगावर ठेव, पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, चुना-तंबाखू घरी ठेवून जा, तिकडे रस्त्यावर थुंकलास तर दंड होतो. सदू मान डोलवत होता. एवढ्यात आवडी आली आणि तिने मोबाइलवर हॉटेलचा फोटो दाखवला. गच्चीवर पोहायचा तलाव, आणि तलावाकाठी आरामखुर्च्या.

फोटो पाहिला आणि रावजीचा सल्ला फिरला.

"सगळं खरं रे सदू, पन इमान तुला झेपंल का?"

"का ओ?"

"इमान म्हंजे आपला आंबेनळी घाट. फक्त साडेपाच तासांचा. आन् आत ओकलास ना, तर थितंच तुझं नाव लिवतात. उतरलं की मागारी धाडतात."

सदूचा चेहरा पांढरा पडला. दारात तांदूळ निवडत बसलेली ठकूबाई, म्हणजे रावजीची बायको, नवऱ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सदू सिंगापूरला जात नसल्याची बातमी गावभर झाली. रावजी त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवला. पण आवडी हार मानणारी बाई नव्हती. संध्याकाळी ती ओटीवर हजर झाली.

"भावजी, सराव केला तर? आंबेनळीच करायची. सकाळच्या यष्टीनं महाबळेश्वर, दुपारच्या यष्टीनं मागं. तुमी संगट चला, कसं बसायचं ते दाखवा."

नाही म्हटलं तर दुबईची अब्रू जाणार. शिवाय रावजीला वाटलं, भर गाडीत सदू एकदा ओकला की विषयच संपला. त्याने होकार दिला.

"मी पन येते," ठकूबाई आतून म्हणाली. "मला कोन कुठं नेतंय?"

तालमीच्या दिवशी रावजीने आणखी दोन सल्ले दिले. इमानात बसण्याआधी पोट गच्च भरलेलं पाहिजे, आणि बसायचं एकदम मागच्या बाकावर. आवडीने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुक्या बोंबलाचं कालवण केलं, वर ताक. पण सदू ताटाला हात लावेना.

"भावजी, तुमी बसल्याबिगर हे नाय जेवायचे," आवडी म्हणाली आणि तिने रावजीपुढे दुसरं ताट ठेवलं. सदू एक भाकरी खाई, तर "तुमी जाणते, तुमी कमी कसं खाता?" म्हणून आवडी रावजीच्या ताटात दोन टाकी. चार भाकऱ्या आणि दोन तांबे ताक पोटात घेऊन रावजी यष्टीत चढला आणि आपल्याच सल्ल्याप्रमाणे मागच्या बाकावर बसला.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाला सदूने डोळे मिटले, तोंड घट्ट धरलं, आणि तेवढ्यात त्याच्या शेजारून आवाज आला.

"सदू... पिशवी..."

सदूने डोळे उघडले. परदेश पाहून आलेला माणूस हिरवा पडला होता. पुढचा सबंध घाट सदूने एका हाताने रावजीचं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने पिशवी. मधूनमधून तो पाठ चोळत होता, लिंबू हुंगवत होता, कंडक्टरला "जरा हळू सांगा ओ" म्हणून ओरडत होता. या धावपळीत त्याला स्वतःला ओकायला सवडच मिळाली नाही. पुढच्या बाकावरची ठकूबाई मात्र वरपर्यंत खिडकीतून डोंगर बघत शेंगा खात होती.

परतीच्या गाडीत सदूला साक्षात्कार झाला.

"आवडे, मला काय झालंच नाय गो!"

"म्हंजे तुमच्या बाजूला कोनतरी आजारी पायजे," आवडीने निष्कर्ष काढला. "पूजाची जागा हायच की. भावजींनाच नेऊ."

लिंबू नाकाला लावून पडलेल्या रावजीने मान उचलली. ओकायला का होईना, सिंगापूर! गच्चीवरचा तलाव क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढे चमकला.

"पासपोर्ट हाय ना दादा?"

रावजीचा पासपोर्ट अकरा वर्षांपूर्वीच संपला होता. मुलीने, सेजलने, दोघांचे नवे काढायला घेतले, तेव्हा "माजा हाय की" म्हणून यानेच तिला उडवून लावलं होतं.

"हाय... पन नवा करायला लागंल."

"म्हैनाअखेर व्हईल?"

रावजी उत्तर जुळवत होता, तोच पुढच्या बाकावरून कण्हण्याचा आवाज आला. "आवडे... पिशवी दे गो..."

सदूने उडीच मारली. ठकूबाईने पदर तोंडाला लावला होता आणि कापडे येईपर्यंत ती कण्हतच राहिली.

"वयनी, तुमचा पासपोर्ट?" सदूने विचारलं.

"हाय," दोन कण्हण्यांच्या मध्ये ती अगदी स्पष्ट म्हणाली. "सेजलनं काढलाय."

रावजी उठून बसला. ठकूबाईचं माहेर डोंगरावरचं कुडपण. जीपच्या मागे लटकून डोंगर उतरलेली बाई ती, सबंध जन्मात तिला कधी गाडी लागली नव्हती.

"नाटक करतेय ती! तिला काय सुदीक व्हत नाय!"

सगळी यष्टी त्याच्याकडे वळून बघायला लागली.

"भावजी, बायको कासावीस झालीय न् तुमी असं बोलता?" आवडी म्हणाली.

"आजोबा, स्वतः आडवे झालात, आता गप बसा जरा," कंडक्टर म्हणाला.

महिनाअखेर तिकिटं निघाली. जायच्या आदल्या दुपारी ठकूबाई बॅग भरत होती. ओटीवर दोन बाया येऊन "वयनी, सिंगापूरला काय काय बगनार?" विचारून गेल्या. रावजीला कुणी काही विचारलं नाही. तो दाराला टेकून उभा होता.

"इमानात पन तुला लागनार काय गो?"

"जाताना लागंल," ठकूबाई साडीची घडी घालत म्हणाली. "येताना बगू."

रावजीने दाराची कडी उगाच दोनदा हलवली. मग म्हणाला, "मला पन जायाचं व्हतं गो."

"तुमी तर दुबई बगितलीय."

"एक इमारत बगितली. सात मजले. त्ये पन आतून."

ठकूबाईचे हात थांबले. एकवीस वर्षांत हे तिने पहिल्यांदा ऐकलं.

"मग सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं, तर सल्ला घ्यायला कोन आलं असतं?"

ठकूबाईने साडी बाजूला ठेवली आणि उठून त्याला हाताला धरून चुलीपाशी, म्हणजे आता गॅस होता तिथे, नेऊन उभं केलं.

"पाच दिस एकलं ऱ्हायाचंय तुमाला. नीट ऐका. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायचा, चौथीची वाट बगायची नाय. दूध उतू जाईस्तोवर ओटीवर गप्पा मारत बसायचं नाय. गॅस खालून पन बंद करायचा. आमटीत मीठ एकदाच टाकायचं, आठवत नसंल तर चाखून बगायचं."

"थांब, थांब. लिवून घेतो."

रावजीने फळीवरची वही काढली, पेन झटकलं आणि पाटावर बसला. दोन ओळी झाल्यावर त्याने मान वर केली.

"ठके, आपल्यात तिखटाचा डबा कंचा?"

"डावीकडचा."

रावजीने खाली वाकून लिहिलं, 'तिखट – डावीकडे', आणि त्याखाली रेघ मारली.