समन्सावरील तारीख माथ्यावर चढली, त्याची हकीकत

सत्यास स्मरोन, चष्मा पुसोन, जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे घातले असेल तर लेखणी मोडो. ऐसे जे, फौजदारी कोर्टाच्या तळमजल्यावर समन्सशाखेत अंमल मामासाहेबांचा. हुद्दा हेडक्लार्क, मिजाज सुलतानी. समन्साचा नमुना त्यांनीच ऐन उमेदीत रचिला आणि त्यास बोट लावावयाची कोणाची छाती नव्हती. त्यात आधी कलमे, मग पोटकलमे, मग धमक्या, आणि हजेरीची तारीख मागील पानी, तळास, मुंगीच्या पावलाएवढी.

ऐसियास त्यांची सख्खी भाची, गुन्हे व न्याय या विषयाची संशोधक, पाहणीस दाखल जाहली. शंभरांत चाळीस असामी तारखेस गैरहजर आणि त्यांजवर वॉरंटे सुटत, हे पाहोन ती चकित जाहली. इतक्यात शिपायांनी एक बेकरीवाला धरून आणिला. कसूर इतकाच की सायकलीस दिवा नव्हता. मग तारीख चुकली, मग वॉरंट, मग ऐन भट्टीवरून उचल. हाताचे पीठही तैसेच. तो रडकुंडीस येऊन म्हणाला, "ताई, कागद तीनदा वाचला हो. तारीख होती कुठं?"

न्यायाधीशबाईंनी त्यास समज देऊन सोडिले. परंतु भाचीचे काळीज हलले, आणि ती थेट मामांच्या टेबलावर चालोन गेली.

"मामा, यात तारीख दाखव बरं."

मामांनी चष्मा लाविला, काढिला, कागद उलटा केला, खिडकीशी नेला. चहा निवला, तरी तारीख हाती लागेना. तेव्हा गरजले, "नमुना मीच केलाय. मला कशाला शोधायला लागतंय?"

मग भाचीने न्यायाधीशबाईंकडे अर्ज गुजारिला आणि हुकूम सुटला जे, आठ आठवडे निम्म्या लोकांस जुना कागद, निम्म्यांस नवा, ज्यात तारीख माथ्यावर ठळक. कोणास कोणता, ते चिठ्ठ्या टाकोन ठरवावे. मामांनी झेरॉक्सच्या खोलीची किल्ली दडविली, शिक्क्यासाठी भाचीस तीन मजले चढविले, आणि अखेर थोरल्या बहिणीस फोन केला की तुझी लेक माझ्या नमुन्यावर उठली आहे. बहीण म्हणाली, "तिनं लहानपणी तुझ्या फायली फाडल्या तेव्हा खो खो हसलास. आता मुसमुसतोस काय?"

किल्ली मुकाट्याने टेबलावर आली.

पुढे नव्या कागदाच्या तारखा लागल्या आणि एकच गर्दी लोटली. बाके भरली, जिने भरले, पट्टेवाल्याने स्वतःची खुर्ची एका आजींस दिली. न्यायाधीशबाई दचकोन पुसत्या जाहल्या, "मोर्चा आलाय का कुणाचा?"

पट्टेवाला म्हणाला, "नाही बाई, ही माणसं वेळेवर आलीत."

आठ आठवडे सरले. मामांचा कोणाच्या मोजणीवर इतबार नव्हता, सबब हजेरीपट खुद्द मोजिले. एकवार, दोनवार, दार लावून तिसऱ्यांदा. जुन्या कागदास शंभरीं चाळीस गैरहजर, नव्यास एकोणीस. मामांनी हजेरीपट मिटिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या कागदापायी माणसं आत गेली गं."

भाचीने त्यांपुढे कोरा कागद आणि जाड पेन ठेविले.

सबब दफ्तरी कायम नोंद जे, जुना नमुना खुद्द रचणाराच्याच सहीने बाद जाहला, तारीख पुढील पानी, माथ्यावर, अंगठ्याएवढ्या अक्षरीं विराजमान, मोहीम फत्ते. सही ठोकोन मामासाहेबांनी भाचीस फर्माविले जे, "आता एवढ्यांना बसवायचं कुठं, यावर कर संशोधन."