साळिंदर गुरुजींनी मेलचं ॲप बसवलं

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर गुरुजी राहत असत. कोणत्या जंगलात ते विचारू नका. तिथे माझं अजून जाणंयेणं आहे.

गुरुजी जंगल परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांच्या सौभाग्यवतीही शिक्षिका होत्या, पण नदीपलीकडच्या शाळेत. मधे डोंगर, रान आणि उद्घाटनाआधीच खचलेला पूल. पिल्लू आईजवळ होतं. बाबा हे फोनच्या आत राहणारं काहीतरी असतं, अशी त्याची समजूत झाली होती.

म्हणून गुरुजी दर वर्षी बदलीचा अर्ज करत आणि 'पती-पत्नी एकत्रीकरण' या चौकोनात खूण करत. दर वर्षी त्यांच्या पुढे कोणीतरी निघेच. कधी आजारी हरीण, कधी निवृत्तीला आलेलं रानडुक्कर, कधी साहेबांच्या मेहुण्याच्या ओळखीचं मुंगूस. यंदा मात्र पुढे कोणीच उरलं नव्हतं.

परिषदेने कळवलं, "बदलीचा आदेश शिक्षकाच्या शासकीय मेलवर येईल. शनिवारी सूर्य मावळायच्या आत त्याच मेलवरून 'मंजूर' असं उत्तर पाठवावं. उत्तर न आल्यास जागा पुढच्या शिक्षकाला दिली जाईल."

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी. मेल उघडायचा, मंजूर लिहायचं, बोचकं बांधायचं आणि निघायचं. पण गोष्ट संपत नाही, कारण गुरुजी हुशार होते.

हुशार म्हणजे कसे, तर एकदा शाळेचा प्रोजेक्टर लागेना. गुरुजींनी त्याची वायर काढली, फुंकर मारली आणि परत लावली. प्रोजेक्टर लागला. तेव्हापासून सगळं जंगल त्यांना 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणू लागलं. आपल्याला वायर काढून परत लावण्यापलीकडे काही येत नाही, हे गुरुजींना मनातून ठाऊक होतं. पण लोक इतक्या मानाने हाक मारतात, त्यांचा हिरमोड कसा करायचा?

त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत शेकरू मॅडम त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या.

"हे काय गुरुजी, तुम्ही अजून वेबपेजवर मेल उघडता?"

"मग कशावर उघडायचा?"

"मी तर 'सर्वपेटी' घेतलंय. शाळेचा, घरचा, भिशीचा, सगळे मेल एकाच ॲपमध्ये. मला वाटलं, तुमच्याकडे ते केव्हाच असेल. तुम्ही तर तंत्रस्नेही."

शासकीय मेलचं ते पान दिसायला ओबडधोबड होतं, पण चालत होतं. रोज पासवर्ड विचारायचं, रोज फोनवर आकडे पाठवायचं आणि मग मुकाट्याने उघडायचं. गुरुजींना त्याचा कधी त्रास झाला नव्हता. शेकरू मॅडमनी विचारल्यापासून तो होऊ लागला.

गुरुजींनी सर्वपेटी फोनवर घेतलं. मेलचा पत्ता घातला, पासवर्ड घातला. ॲप म्हणालं, पासवर्ड चुकीचा आहे. आता गुरुजींच्या पासवर्डात बायकोचं नाव होतं, तो चुकणं शक्य नव्हतं. त्यांनी तोच पासवर्ड पुन्हा घातला. मग बटणं जोरात दाबून घातला. मग चष्मा पुसून घातला. शेवटी खातंच कुलूपबंद झालं.

गुरुजी परिषदेच्या मेलचे ॲडमिन असलेल्या अस्वलाकडे गेले. अस्वल पोळ्याखाली बसून काम करत होतं.

"बाहेरचं ॲप कशाला पाहिजे, गुरुजी? आपलं पान आहे की."

"पान आहे हो. पण सोय नाही."

"कसली सोय नाही?"

गुरुजी विचारात पडले. नेमकी गैरसोय काही सांगता येईना. "सगळे मेल एकाच ठिकाणी येत नाहीत," ते अखेर म्हणाले.

"तुमचे किती मेल आहेत?"

"हाच एक."

अस्वलाने मधाचं बोट चाटलं आणि परवानगी देऊन टाकली. अडाण्याला समजवावं लागतं, हुशाराला नुसती वाट करून द्यावी लागते, हे त्याला नोकरीत कळून चुकलं होतं.

"कुलूप काढलंय," अस्वल म्हणालं. "बाहेरच्या ॲपला तुमचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, वेगळा घ्या. हा मेल आत येण्याचा पोर्ट नंबर, हा बाहेर जाण्याचा. दोन्ही वेगळे आहेत. आणि आपल्या पानावर सेटिंगमध्ये जाऊन बाहेरच्या ॲपची परवानगी चालू करा."

"ते काय मला सांगायचं?" गुरुजी म्हणाले. ज्याला हे सांगावंच लागतं, तो हेच म्हणतो.

ती परवानगी चालू करायला शुक्रवारी गुरुजींनी शासकीय मेलचं पान उघडलं. आणि पहिल्याच ओळीत आदेश होता. साळिंदर गुरुजी, नदीपलीकडची शाळा, पती-पत्नी एकत्रीकरण.

गुरुजी ताडकन उभे राहिले. त्यांनी आदेश वाचला, परत वाचला. खाली 'उत्तर द्या' असं बटण होतं. बोट बटणापाशी गेलंसुद्धा. मग थबकलं. इतक्या वर्षांनी उजाडलेला दिवस, आणि त्याचं उत्तर या कळकट पानावरून? नवीन वही घेतली तर पहिल्या पानावर आपण श्री लिहितो. नव्या ॲपचा पहिला मेल हाच असायला हवा.

त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, आदेश आला."

बाईंनी आधी पिल्लाला हाक मारून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "पाठवलंत उत्तर?"

"पाठवतो ना. नवीन ॲप बसवतोय, त्याचा श्रीगणेशा याच उत्तराने करायचा म्हणतो."

"कसलं ॲप? अहो, आदेश कशावर वाचलात?"

"पानावर."

"मग तिथेच एक शब्द लिहा आणि मोकळे व्हा."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"मला एवढंच कळतं की उद्या शनिवार आहे," बाई म्हणाल्या. "तुमचे हे प्रयोग इकडे आल्यावर करा. आधी या तरी."

"सकाळचा मुहूर्त चांगला आहे," गुरुजी म्हणाले.

शनिवारी सकाळी सगळी शाळा जमली. गुरुजींनी वेगळा पासवर्ड घातला. आत येण्याचा नंबर घातला. बाहेर जाण्याच्या रकान्यातही त्यांनी तोच नंबर घातला. यायचं दार एक आणि जायचं दार दुसरं असायला हा काय सिनेमाचा तंबू आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मेल धडाधड आत आले. अंडी वाटपाचे अहवाल, शौचालयाचे फोटो, 'अति तातडीचे' म्हणून आलेली आणि कोणीच न वाचलेली परिपत्रकं. सगळ्यांच्या वर आदेश. टाळ्या पडल्या. शेकरू मॅडमनी नारळ फोडला. गुरुजींनी 'मंजूर' लिहिलं आणि बटण दाबलं. ॲपमधून सूं असा आवाज आला. कोपऱ्यात 'आउटबॉक्स' या शब्दापुढे बारीकसा एक आकडा दिसत होता. एक मेल गेला त्याची ती नोंद असणार, असं समजून गुरुजींनी पेढ्यांचा खोका उघडला.

पुढचे दोन दिवस शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. ज्यांनी कधी दारात उभं केलं नव्हतं त्यांचेही डोळे पाणावले. निरोप घेऊन गुरुजी बोचकं पाठीवर टाकून परिषदेच्या कचेरीत गेले. तिथून कार्यमुक्तीचा आदेश घेतला की थेट नदीपलीकडे.

कचेरीत गवा साहेब होते. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं.

"गुरुजी, तुमचं उत्तर आलंच नाही. ती जागा शनिवारीच रानमांजर मास्तरांना गेली."

"असं कसं होईल साहेब? हे बघा, पाठवलंय."

साहेबांनी फोन हातात घेतला. "हे आउटबॉक्समध्ये आहे. म्हणजे निघालंच नाही. शनिवारपासून तुमच्याच खिशात बसलंय."

गुरुजींनी सेटिंग उघडलं. दोन्हीकडे एकच नंबर. त्यांनी अस्वलाने दिलेला दुसरा नंबर घातला. सूं झालं, आणि साहेबांच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजलं.

"आलं," साहेब म्हणाले. "मंजूर."

"मग?"

"मग आज मंगळवार आहे."

गुरुजी तिथेच बोचक्यावर बसले. सगळ्यांदेखत रडले. बराच वेळ रडले. आणि मग, काय झालं कोणास ठाऊक, त्यांना हसू यायला लागलं.

"साहेब," ते म्हणाले, "अंगभर काटे आहेत माझ्या. सगळ्या जंगलाला टोचतात, पण एकही मेला आतल्या बाजूला वळत नाही."

साहेबांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते अजून त्या टिंगकडे बघत होते.

"गुरुजी, हे मेलचं बाहेर जाणं आत्ता कसं चालू केलंत? आमच्या अख्ख्या कचेरीत कोणाच्याच सर्वपेटीमधून मेल बाहेर जात नाही. गेल्या पावसाळ्यापासून सगळी कचेरी नुसती वाचतेय."

गुरुजींनी डोळे पुसून सांगितलं. साहेबांनी लगेच आदेश काढला. साळिंदर गुरुजींची जंगलस्तरीय तंत्रस्नेही मार्गदर्शक म्हणून नेमणूक. त्यांनी प्रत्येक शाळेत जाऊन शिक्षकांना सर्वपेटी बसवून द्यावं. पद महत्त्वाचं असल्याने बदलीचा अर्ज करता येणार नाही.

गुरुजींच्या मनात एकदम उजेड पडला. "प्रत्येक शाळेत, साहेब? म्हणजे नदीपलीकडच्या शाळेतसुद्धा?"

साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मान हलवली.

"तिथे गरज नाही. तिथल्या साळिंदर बाई सगळं पानावरूनच पाठवतात, आणि वेळेत पाठवतात. त्यांची काही तक्रारच नाही."

तात्पर्य : मुलांनो, सरळ चालणाऱ्या गोष्टीला जरूर हात लावावा. ज्याचं काम वेळेत होतं त्याच्या दारी कोणी फिरकत नाही, आणि ज्याने स्वतःचं बुडवलं त्याला प्रशिक्षणाला बोलावतात.