भांडण फोनवर मिटत नाय

मर्ज कॉन्फ्लिक्ट आला की आमचे बोरस्ते सर आधी चपला काढतात. मग फिरत्या खुर्चीवर मांडी घालतात, ड्रॉवरमधून मनुक्यांचा स्टीलचा डबा काढतात आणि ज्याच्याशी कॉन्फ्लिक्ट झालाय त्याला फोन लावून सांगतात, "या, भांडण लागलंय!" माणूस पंचावन्नचा, सगळा जन्म कोड लिहिण्यात गेलेला, पण तोंडावर आनंद असा की घरी पाहुणे यायचेत.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एकच फाईल आम्ही पाच जण आपापल्या कॉम्प्युटरवर घेऊन बसतो, बदल करतो आणि शेवटी सगळ्यांचे बदल एकत्र करतो. ते एकत्र करणं म्हणजे मर्ज. बहुतेक वेळा मशीन गुपचूप जोडून टाकतं. पण दोघांनी नेमक्या एकाच ओळीला हात लावला असेल, तर ते हात वर करतं. कुणाची ओळ ठेवायची ते तुमचं तुम्ही बघा! हा झाला कॉन्फ्लिक्ट. दोन जावांनी एकाच आमटीत मीठ टाकावं, तसं. आमटी निदान जेवायला बसेपर्यंत गप्प असते, मशीन तिथल्या तिथे बोभाटा करतं.

बाकीचे प्रोग्रामर हे दोन मिनिटांत उरकतात. स्वतःचं ठेवतात, दुसऱ्याचं उडवतात आणि संध्याकाळी शिव्या खातात. बोरस्ते सरांना ते मान्य नाही. "ताई, असं परस्पर कुणाचं उडवायचं नाय. भांडण फोनवर मिटत नाय, समोरासमोर मिटतं." ताई म्हणजे मी, स्नेहल. वयानं त्यांच्या मुलीसारखी आणि कागदोपत्री त्यांची टीम लीड.

आमची कंपनी नाशकातली, छोटीशी. द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर करतो. शेतकऱ्यानं माल आणला, वजन झालं, पावती निघाली, हे सगळं आमच्याकडून चालतं. बोरस्ते सर मूळचे निफाडचे, भावाची बाग आहे, म्हणून मनुक्यांना तोटा नाही. करोनानंतर आम्ही सगळे घरून काम करायला लागलो. ऑफिसात रोज नेमानं येणारे एकटे बोरस्ते सर.

एकदा त्यांचं आणि आमच्या ऋचाचं भांडण लागलं. ऋचा टीममधली सगळ्यात लहान आणि सगळ्यात तिखट. इंदिरानगरहून स्कूटीवर तणतणत आली, हेल्मेटसुद्धा काढलं नाही. "सर, दोन्ही ओळी सेम तर आहेत!"

"दिसतात गं पोरी, पण नसतात. आधी मनुके घे."

मग चहा आला. मग ऋचाच्या आईचा गुडघा कसा आहे, ते झालं. मग सायखेड्याला भेळ कुठे बरी मिळते, ते झालं. तासाभरानं शोध लागला की सरांच्या ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्त पडली होती. "एका स्पेससाठी मी पेट्रोल जाळलं?" ऋचा किंचाळली. सर म्हणाले, "आता आलीच हायेस, तर अजून एक कट चहा सांगू का?"

गंमत म्हणजे रोज सकाळी सरच ग्रुपवर विचारायचे, "आज कोण कुठल्या फाईलवर?" आम्हाला केवढं कौतुक! बघा, कॉन्फ्लिक्ट होऊ नये म्हणून किती जपतात! आणि तरी दुपारपर्यंत भांडण ठरलेलं. बिचाऱ्याचं नशीबच फुटकं, असं आम्ही म्हणायचो.

पण ऐन द्राक्षांच्या सीझनमध्ये या भांडणांपायी आमचं काम दोनदा लांबलं. पॅकहाऊसवाल्यांनी फोनवर माझी पार सालटी काढली. पुण्यात बसणारे आमचे मॅनेजर म्हणाले, "स्नेहल, आणखी एकदा उशीर झाला तर बोरस्तेंना प्रोजेक्टवरून काढ." या वयात माणसाला प्रोजेक्टवरून काढलं की कुठे पाठवतात, ते न कळण्याइतकी मी भोळी नाही. घरी पाठवतात.

मी कंबर कसली. सगळ्या फाईली वाटून दिल्या. ज्याची फाईल त्यानंच उघडायची, दुसऱ्याच्या फाईलीला बोट लावायचं नाही. झालं, भांडणं बंद! काम वेळेत जायला लागलं, मॅनेजर खूश. वाचवलं बाई सरांना, म्हणून मीच माझी पाठ थोपटून घेतली.

सर मात्र गप्प झाले. सकाळचा प्रश्न बंद, फोन बंद. ऋचासुद्धा म्हणाली, "मॅम, सर रागावलेत का आपल्यावर?"

एका बुधवारी मी विसरलेला चार्जर आणायला ऑफिसात गेले. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. कोपऱ्यात सर, पायात चपला, डबा बंद. स्क्रीनवर चक्क माझी फाईल! त्यांनी एका ओळीच्या शेवटी स्पेस दिली. बघितली. पुसली. परत दिली. परत पुसली.

माझी ट्यूब तेव्हा पेटली. तो सकाळचा प्रश्न भांडण टाळायला नव्हताच, भांडण लावायला होता!

"सर!" मी ओरडलेच. "तुम्ही मुद्दाम करत होतात?"

ते दचकून उठले. "आता नाय करत, ताई. तुम्ही सांगितल्यापासून एकबी नाय. नुसती देऊन बघतो अन् पुसतो."

"अहो, पण का? नोकरी जायची वेळ आली होती तुमची!" माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता.

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "बायको पुण्याला गेलीय, नातीला सांभाळायला. दोन वर्षं झाली. सुनेचंबी बरोबर हाय, तिची नोकरी हाय. इथं तुम्ही सगळी घरून. भांडण लागलं की कोणतरी येतं." मग ते हसले. "घरी तर भांडायलाबी कोण नाय, ताई."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मीच डबा पुढे ओढला, मूठभर मनुके घेतले आणि त्यांच्यासमोर बसले. चार्जर तसाच विसरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर मीच विचारलं, "बोरस्ते सर, आज कुठल्या फाईलवर?"

"पावतीच्या," त्यांचं उत्तर आलं. मला ते माहीतच होतं, मीच काम दिलं होतं. पावतीच्या तळाशी नुसतं 'धन्यवाद' छापलं जायचं, ते जरा गोड करायचं होतं. घाई कसलीच नव्हती. मी माझाच नियम मोडून ती फाईल उघडली आणि तीच ओळ बदलून ठेवली.

दुपारी फोन आला. "ताई, भांडण लागलंय. कोणी लावलं हे?"

"मीच."

पलीकडे खुर्ची करकरली. "मग हे फोनवर मिटायचं नाय."

"निघालेच. ऋचालाही घेऊन येते."

माझी ओळ होती, 'धन्यवाद, पुन्हा या.' सरांची होती, 'धन्यवाद. बसा, चहा घेऊन जा.' अहो, पावतीवर असं कोणी छापतं का? मी तावातावानं भांडले, अगदी खरंखुरं. ऋचा दोन्हीकडून बोलत होती. डबा रिकामा झाला, चहाची तिसरी फेरी झाली आणि सर जिंकले. तेव्हापासून गुरुवारी आम्ही सगळे ऑफिसात येतो. एक भांडण तेवढं शिल्लक ठेवतो, ज्यानं कुणाचं काही अडणार नाही असं.

परवाच्या गुरुवारी एका पॅकहाऊसच्या शेठचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "मॅडम, काय छापलं हो तुम्ही पावतीवर? शेतकरी पावती दाखवून चहा मागू राहिले!"

मी कपाळाला हात लावला. सर मांडी घालून बसले होते, चपला टेबलाखाली. ते फोनकडे वाकले.

"मग पाजा की, शेठ. तेवढाच माणूस दोन मिनिटं बसतो."